राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयास खुले पत्र: नुसते शॉट नकोत, कटही जपा

प्रति,
संचालक आणि संग्रह विभागातील सर्व मंडळी,
राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय,
लॉ कॉलेज रस्ता, पुणे

सा. न. वि. वि.

आधी मागणी सांगतो, पाल्हाळ नंतर. पुढे काय घडावं हे प्रेक्षकानं बटण दाबून ठरवायचं, अशा चित्रपटांना तुमच्या संग्रहात जागा द्या. कोणी त्यांना इंटरॅक्टिव्ह मूव्ही म्हणतं, कोणी एफएमव्ही (फुल मोशन व्हिडिओ, म्हणजे चित्रित व्हिडिओचा) गेम. दुकानात ते गेमच्या फळीवर असतात म्हणून सिनेमावाले त्यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत, आणि गेमवाले 'यात खेळायला आहेच काय' म्हणून नाक मुरडतात. दोन घरचा पाहुणा उपाशी, अशी त्यांची गत झाली आहे.

मी संकलक. सुरुवात स्टीनबेकवर, म्हणजे फिल्मची रिळं फिरवून कापायच्या टेबलावर केली, आता सगळं संगणकावर. शॉट कुठे कापायचा आणि कशाला जोडायचा एवढ्यावर आजवर पोट भरलं. त्यामुळे या चित्रपटांकडे मी संकलनाचा प्रश्न म्हणूनच बघतो. चित्रण तयार आहे, पर्यायी शॉट तयार आहेत, पण कट मारायचा कोणी आणि कधी, हे मात्र समोर बसलेल्या माणसावर सोडलेलं. आमच्या धंद्यातली निम्मी अक्कल काढून त्याच्या हातात दिलेली. 'हा सिनेमाच नव्हे' असं फिल्म सोसायटीतले माझे मित्र ठणकावून सांगतात. त्यांना मी दर वेळी माँट्रियलला नेतो.

१९६७ सालच्या तिथल्या एक्स्पो या जागतिक प्रदर्शनामध्ये, चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात, राडुज चिन्चेरा यांनी 'किनोऑटोमॅट' उभारलं. रीतसर चित्रपटगृह, रीतसर पडदा, रीतसर फिल्म. सुरुवातीलाच नायकाची इमारत जळताना दिसते आणि मग गोष्ट मागे जाते. मध्येच चित्र थांबतं, मिरोस्लाव होर्निचेक हा नट मंचावर येतो आणि विचारतो: शेजारीण नुसत्या टॉवेलवर दाराबाहेर अडकली आहे, तुमची बायको एवढ्यात यायची आहे, तर हिला घरात घ्यायचं की नाही? प्रत्येक खुर्चीला एक हिरवं आणि एक लाल बटण. कोणत्या खुर्चीनं काय दाबलं ते पडद्याभोवती आकड्यांत सगळ्यांना दिसायचं, म्हणजे बायको शेजारी बसली असेल तर पंचाईतच. ज्या बाजूला बहुमत, ती फिल्म पुढे.

यंत्रणा अगदी साधी होती. दोन प्रोजेक्टर एकाच वेळी चालू, आणि मत मोजलं की एकाच्या भिंगावरचं झाकण काढून दुसऱ्यावर टाकायचं. खरी हुशारी कथेच्या बांधणीत होती. प्रत्येक प्रश्नाला दोन फाटे आणि प्रत्येक फाट्याला पुन्हा दोन असं करत गेलं, तर आठ प्रश्नांत २५६ शेवट चित्रित करावे लागतील. निर्माता पळून जाईल. चिन्चेरा यांनी दोन्ही फाटे थोडं अंतर चालवून पुन्हा एकाच जागी आणले. तुम्ही काहीही निवडा, इमारत जळायची ती जळतेच. मतदान झाल्याचं समाधान प्रेक्षकांना, निकाल आधीच ठरलेला. हा टोमणा प्रागमधल्या सत्ताधाऱ्यांनाही पुढे बोचला असावा, कारण १९७२ मध्ये त्यांनी चित्रपटावर बंदी घातली.

आपल्याला हा प्रकार परका वाटायचं खरं तर कारण नाही. संगीत नाटकात 'वन्स मोअर' आला की मेलेलं पात्रसुद्धा उठून पद पुन्हा म्हणायचं असे किस्से आपण चवीनं सांगतो. फडात समोरच्या पब्लिकचा रंग बघून सोंगाड्या बतावणी वाढवतो नाहीतर आवरती घेतो. तिथे नट जिवंत असतो, त्याला वळता येतं. फिल्मवरच्या नटाला वळवायचं तर त्याचं दुसरं वळण आधीच चित्रित करून ठेवावं लागतं. या चित्रपटांचा सगळा खर्च आणि सगळी गंमत इथेच आहे.

निन्टेन्डोनं १९७४ मध्ये 'वाइल्ड गनमन' नावाच्या यंत्रात १६ एमएमचे प्रोजेक्टर घालून हेच केलं: समोरचा काउबॉय पिस्तूल काढतो, तुम्ही वेळेत झाडलं तर तो पडतो, नाहीतर तुम्ही. पण फिल्मच्या रिळावर इकडून तिकडे उडी मारता येत नाही. ती सोय लेझरडिस्कनं केली. ३० सेंटिमीटर व्यासाची चकती, एका बाजूला अर्ध्या तासाचं चित्रण, म्हणजे ५४,००० चौकटी (फ्रेम), आणि प्रत्येक चौकटीला स्वतःचा क्रमांक. अमुक क्रमांकावर जा म्हटलं की लेझर तिथे जाऊन उभा. स्टीनबेकवर रीळ मागेपुढे पळवून ज्याची बोटं भरून आली आहेत, त्यालाच याचं अप्रूप कळेल.

जून १९८३ मध्ये सिनेमॅट्रॉनिक्स कंपनीनं आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांच्या दुकानात, आणलेलं 'ड्रॅगन्स लेअर' याच चकतीवर उभं होतं. कल्पना रिक डायर यांची, चित्रं डिस्नेतून बाहेर पडलेल्या डॉन ब्लुथ यांच्या चमूची. बाकीची यंत्रं २५ सेंटला एक डाव देत असताना हे ५० सेंट मागायचं आणि लोक रांग लावून द्यायचे, कारण शेजारच्या यंत्रांवर ठोकळ्यांची माणसं उड्या मारत होती आणि इथे पडद्यावर हातानं रंगवलेलं पूर्ण ॲनिमेशन. डर्क नावाचा योद्धा किल्ल्याच्या झुलत्या पुलावर येतो, पायाखालची फळी मोडते, खंदकातून वेटोळी वर येतात. त्या क्षणी तलवारीचं बटण, लगेच जॉयस्टिकची दांडी वर. वेळ साधली तर पुढचा प्रसंग, चुकली तर मरणाचा शॉट. लेझर उडी मारत असताना क्षणभर पडदा काळा पडायचा, आणि त्या काळोखात खेळणाऱ्याला कळायचं की आपलं काहीतरी ठरलं आहे. माझ्या मते खेळ म्हणून तो सामान्यच. पाठांतर करा आणि जिंका. पण तो काळा क्षण मला अजून विलक्षण वाटतो: प्रेक्षकानं मारलेला कट, यंत्राला श्वास घ्यायला लागलेल्या वेळासकट.

आता संग्रहालयवाल्यांच्या कामाची गोष्ट. समजा, ही चकती उद्या कोणी तुमच्या टेबलावर आणून ठेवली आणि तुम्ही ती साध्या प्लेअरवर लावली. काय दिसेल? वीस-बावीस मिनिटं एक माणूस ओळीनं मरतो, मध्येच एखादा जिना उतरतो, परत मरतो, मग आधीचीच एक खोली उजवी-डावी उलटी होऊन येते. कशाचा कशाला मेळ नाही. कारण कोणत्या चौकटीपासून कोणत्या चौकटीपर्यंत दांडी कुठे ढकलली तर कुठे जायचं, हा सगळा तक्ता चकतीवर नसतोच. तो यंत्राच्या पेटीतल्या छोट्याशा चिपमध्ये असतो. चकती म्हणजे शॉट, चिप म्हणजे कट. एक ठेवून दुसरं टाकलं, तर तुम्ही चित्रपट नव्हे, संकलनाच्या खोलीतली केराची टोपली जपलीत.

आणि ही यंत्रं टिकणारी नव्हतीच. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शांतपणे चित्रपट दाखवण्यासाठी केलेले प्लेअर दर दोन-चार सेकंदांना उड्या मारून झिजले. चकत्यांचे थर ज्या गोंदानं चिकटवले होते, त्यातून ओल आणि हवा शिरून कित्येकांचा आतला ॲल्युमिनियमचा पापुद्रा खराब झाला. पुण्याचा पावसाळा तुम्हाला मी काय सांगायचा.

'नाइट ट्रॅप' या अशाच एका चित्रपटाची कथा आणखी मजेशीर. खेळणी करणाऱ्या हॅस्ब्रोला व्हीएचएस टेपवर चालणारं एक यंत्र आणायचं होतं, त्यासाठी १९८७ मध्ये तो चित्रित झाला. यंत्र बारगळलं, चित्रण पडून राहिलं, आणि टॉम झिटो यांच्या डिजिटल पिक्चर्सनं ते १९९२ मध्ये सेगा सीडी या गेमच्या यंत्रावर आणलं. सेगाच्या त्या यंत्राला एका वेळी पडद्यावर फक्त ६४ रंग दाखवता यायचे. चेहऱ्यावर खडबडीत भुकटी फासल्यासारखं दिसतं सगळं. अभिनयाबद्दल न बोललेलं बरं. पण रचना बघा. एक घर, आठ कॅमेरे. सगळ्या खोल्यांत प्रसंग एकाच वेळी चालू आहेत आणि कोणासाठीही थांबत नाहीत. घरात आलेल्या मुलींना राक्षसांपासून वाचवायचं तर तुम्ही योग्य क्षणी योग्य खोलीत हवेत. बैठकीच्या खोलीत कथा उलगडते आहे, ती ऐकत बसलात तर न्हाणीघरात सापळा लावायचा राहून जातो. जिंकायचं तर कथा सोडावी लागते, कथा हवी तर हरावं लागतं. समांतर संकलन, म्हणजे एकाच वेळी घडणारे प्रसंग आलटून पालटून दाखवणं, आम्ही कागदावर शिकलो. इथे ते प्रेक्षकाच्या मानगुटीवर बसतं. एवढी धीट रचना आणि एवढा बेकार चित्रपट, असा योग विरळाच.

९ डिसेंबर १९९३ रोजी अमेरिकी सिनेटमध्ये जो लिबरमन आणि हर्ब कोल यांनी घेतलेल्या सुनावणीत हा चित्रपट 'मॉर्टल कॉम्बॅट' या मारामारीच्या गेमच्या जोडीनं आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता. मुलींना वाचवायचा खेळ मुलींवर हल्ला करायचा खेळ म्हणून गाजला. मोठ्या दुकानांनी तो फळीवरून काढला, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या उद्योगानं गेमना वयानुसार श्रेणी देणारं स्वतःचं मंडळ काढलं. आज तिथल्या गेमच्या डब्यांवर वयाच्या श्रेणीची अक्षरं दिसतात, त्यामागे हा चित्रपट आहे. वाईट चित्रपटही इतिहास घडवतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मग सीडी-रॉमची लाट आली आणि तिचे शिंतोडे आपल्यापर्यंतही उडाले. नव्वदच्या मध्याला घरच्या संगणकाला मल्टिमीडिया किट बसवणं म्हणजे स्कूटर घेण्याइतका गाजावाजा असायचा. ६५० एमबीची एक सीडी, आणि व्हिडिओची भूक त्याहून मोठी. म्हणून 'द सेव्हन्थ गेस्ट' दोन चकत्यांवर, मार्क हॅमिलचा 'विंग कमांडर ३' चारवर, रोबर्टा विल्यम्स यांचा 'फँटॅस्मागोरिया' थेट सातवर. १९९६ मध्ये आलेला 'विंग कमांडर ४' तर चक्क ३५ एमएम फिल्मवर चित्रित झाला होता. ऐन प्रसंगात 'आता पाचवी सीडी घाला' अशी पाटी यायची, आणि आपल्या बाजारातल्या कॉपीच्या संचात नेमकी पाचवीच खराब निघायची. दोन-तीन वर्षांत हे सगळं ओसरलं. जागच्या जागी त्रिमितीय चित्र काढणारे संगणक आले, त्यात नायक हवा तिकडे वळायला लागला. चित्रित नटाला नवा संवाद द्यायचा तर मात्र पुन्हा सेट, पुन्हा दिवे, पुन्हा पैसा.

त्या सीड्यांपैकी कित्येक आज चालतात त्या स्कमव्हीएम या प्रकल्पातल्या हौशी लोकांच्या जिवावर. त्यांनी जुन्या खेळांमागचे प्रोग्रॅम उकलून नव्यानं लिहिले, म्हणून मूळ सीडीवरची माहिती आजच्या यंत्रावर धावते. 'ड्रॅगन्स लेअर'च्या चकतीसाठीही असाच एक एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राचं सोंग घेणारा प्रोग्रॅम आहे, आणि त्याला त्यातल्या राजकन्येचं, डॅफ्नीचं नाव आहे. लेझरडिस्क वाचणाऱ्यांनी तर पुढची मजल मारली आहे: प्लेअरमधून बाहेर येणारं चित्र नव्हे, तर लेझर जो कच्चा सिग्नल वाचतो तोच टिपून ठेवायचा आणि चित्र नंतर संगणकावर घडवायचं. बीबीसीनं १९८६ मध्ये लेझरडिस्कवर काढलेला 'डोम्सडे' प्रकल्प जेमतेम पंधरा वर्षांत वाचता येईनासा व्हायला लागला होता, त्या धड्यातून ही विद्या वाढली. यातलं बरंचसं पगारी संग्रहालयांच्या बाहेर, लोकांच्या गच्चीवरच्या खोल्यांत झालं आहे.

हा प्रकार मेलेला आहे असं समजू नका. सॅम बार्लो यांच्या 'हर स्टोरी'त (२०१५) पोलीस चौकशीच्या व्हिडिओंचा साठा समोर असतो. तुम्ही एक शब्द टाइप करायचा, ज्या तुकड्यांत तो शब्द उच्चारला आहे त्यातले पहिले पाचच दिसतात. एवढ्याशा अटीवर अख्खं रहस्य पेललं आहे. व्हिवा सायफर्ट ही एकटी अभिनेत्री आणि एक शोधचौकट. संकलनाच्या विद्यार्थ्यांना मी हाच आधी दाखवतो. चीनमध्ये २०२३ पासून असे चित्रपट पुन्हा धो धो खपत आहेत.

पण घाई का, ते नेटफ्लिक्समुळे. २८ डिसेंबर २०१८ ला तिथे 'बँडरस्नॅच' आला. सुमारे १५० मिनिटांचं चित्रण, २५० तुकडे, आणि सकाळी कोणतं सीरियल खायचं इथपासून निवड सुरू. ठरवायला दहा सेकंद, नाहीतर यंत्रच ठरवतं. घराघरांत दिवाणखान्यात भांडणं लावणारा तो चित्रपट होता. १ डिसेंबर २०२४ ला नेटफ्लिक्सनं आपले बहुतेक इंटरॅक्टिव्ह चित्रपट काढून टाकले, आणि मे २०२५ मध्ये 'बँडरस्नॅच'ही गेला. कोट्यवधी लोकांच्या घरात पोहोचलेला चित्रपट. याची ना प्रिंट, ना दुकानात डिस्क. कोणी पडद्यावरून रेकॉर्ड करून ठेवला असेल तर तो एकाच वाटेचा, म्हणजे इथेही शॉट आहेत आणि कट गायब.

भारतीय चित्रपट जपणं तुमचं काम, परदेशी गेमचं आम्हाला काय, असं कोणी म्हणेल. तर जुलै २०२२ मध्ये रणवीर सिंग आणि बेअर ग्रिल्स यांचा असाच एक कार्यक्रम त्याच नेटफ्लिक्सवर आपल्या प्रेक्षकांसाठी आला होता. तो अस्सल देशी आहे. त्याच्या फाट्यांचा तक्ता आज तुमच्याकडे मागून ठेवला नाही, तर पन्नास वर्षांनी आपल्याला त्याबद्दल वर्तमानपत्रातलं परीक्षण तेवढं सापडेल. मूकपटांबाबत हेच झालं. शेकड्यांनी निघाले, हाती लागले ते मूठभर, आणि बाकीच्यांचा इतिहास आपण जाहिरातींवरून लिहितो. नाशिकला फाळके कुटुंबाकडून 'कालिया मर्दन'ची रिळं तुमच्या संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर घेऊन आले नसते, तर तोही त्याच यादीत असता. नायरसाहेब चांगला-वाईट असा भेद करत बसले नाहीत. मिळेल ते आधी आत, निवाडा नंतर. २००३ च्या जानेवारीत प्रभातच्या जुन्या व्हॉल्टमध्ये नायट्रेटच्या ज्वालाग्राही जुन्या फिल्मला आग लागली तेव्हा काय गमावलं, ते तुमच्याच इमारतीत सर्वांत जास्त ठाऊक आहे.

तेव्हा करायचं काय? प्रकाशकांना १९५४ च्या कायद्यानं पुस्तकाची प्रत ग्रंथालयाला द्यावी लागते. चित्रपटाला तशी सक्ती नाही, त्यामुळे मागूनच घ्यावं लागणार. मागताना फाइल मागू नका, सगळं मागा: चित्रणाचे सुटे तुकडे, त्यांना जोडणारा प्रोग्रॅम, आणि लेखकानं भिंतीवर चिकटवलेला फाट्यांचा कागदी नकाशासुद्धा. लेझरडिस्क आणि सीडी घ्याल तेव्हा डबा आणि पुस्तिकेसकट घ्या, कारण बटणं कोणती ते अनेकदा फक्त पुस्तिकेत असतं. आणि माणसांना खेळायला बसवून त्याचं चित्रण करा, एक सराईत आणि एक कोरा. तो कोरा माणूस कुठे थबकतो, हेही या चित्रपटाचं संकलनच आहे. शेजारी फिल्म इन्स्टिट्यूट आहे, मदतीला मुलं मिळतील. गंमत म्हणजे त्यांच्यातल्या निम्म्यांनी सिनेमा हाती धरण्याआधी कंट्रोलर हाती धरलेला असतो.

जमलं तर तुमच्या प्रेक्षागृहात एकदा मतदानाचा खेळ लावा. बटणांच्या खुर्च्या नसल्या तरी हात वर करून चालेल. पुरुषोत्तम करंडकाला गळा फाडणारं हे गाव आहे, मत द्यायला कोणी लाजणार नाही. सेन्सॉरला मात्र कोणती वाट दाखवायची, हा पेच तुम्हीच सोडवा.

माझ्याकडे नव्वदच्या दशकातल्या काही मूळ संचांचे डबे आहेत, पुस्तिकांसकट; बरेचसे जुन्या बाजारातून जमवलेले. त्यातल्या एकाची एक सीडी अलीकडे ड्राइव्ह वाचेनाशी झाली आहे, तेव्हा त्या लवकर घ्याल तर बरं. कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोणत्या खिडकीवर आणून द्यायचे तेवढं कळवा. पोच मात्र लेखी हवी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कर्वेनगरमधला एक संकलक